माप बसला

दाऊदभाई, तुमच्या कबरीवर तीन मुठी माती टाकून परत निघालो, तेव्हा गेटापाशी क्लबातल्या एकाने मला हिंदीत विचारलं, "बेचारे को सुनाई नहीं देता था ना?" आणि मी 'हां' म्हणालो. तुम्हाला जमिनीत ठेवून दहा मिनिटं झाली नव्हती. आठ वर्षं जे खोटं बोलत आलो ते निदान त्या दिवशी तरी बोलायला नको होतं, पण सवय वाईट, तोंडातून सहज निघून गेलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. तुमचं मोठेपण सांगायला हे लिहीत नाही. तसं मी काही लिहिलं तर तुम्हीच म्हणाला असता, "पुरे कर सुधीर, मी काय मंत्री हाय?" लिहितोय ते हमीदाभाभींमुळे. फिंतासच्या तुमच्या घरी रोज कुणी ना कुणी भेटायला येतं आणि भाभी प्रत्येकाला तेच सांगतात. "कान गेलेले, तरी मशीनवर उभे राह्यचे. कुणाचा ऐकला नाय. तेव्हा डोळा घालवला, आन् मंग आठ वर्सा मन खात बसले." मी समोर बसलेला असतो. खाली मान घालून चहा पितो. तुमचे कान धडधाकट होते हे जगात दोन माणसांना माहीत होतं, त्यातला आता मी एकटा उरलोय.

खडकीहून आयटीआयचा टर्नर म्हणून मी इथे आखातात आलो तेव्हा एक आठवडा तुमच्या हॉलमध्ये झोपलो होतो, मग तोच आठवडा पाच महिन्यांचा झाला. भाभी बाजारातल्या झुबेदीला, म्हणजे इथल्या पापलेटला, कायम सरंगाच म्हणायच्या आणि तुकडा आधी माझ्या ताटात टाकायच्या. तुम्ही मीना अल-अहमदीत ठेकेदाराकडे फिटर होतात, तिथून शूटिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये आलात आणि एका म्हाताऱ्या इंग्रज कारागिराच्या हाताखाली बंदुकीचं काम शिकलात. मला वाटायचं बंदूक म्हणजे मोठं काहीतरी. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, "पाइप हाय रे. फक्त चुकला तर माणूस मरतो."

तुमच्या-माझ्यात भांडणं झाली ती बहुतेक भाषेवरून. तुमच्या बोलीत नपुंसकलिंग नाही. काम झाला, पाणी आला, जेवण झाला. मी हसायचो. मग तुम्ही लेथ बंद करून, हात पुसून, सावकाश म्हणायचात, "तुमच्या पुण्यात लिंगा तीन हायत, पण कामा दोनच येतात, बोलना आन् झोपना." आज वाटतं, हसलो नसतो, नीट ऐकायला शिकलो असतो, तर बरं झालं असतं. पण हेही अर्धंच खरं आहे, पुढे सांगतो.

आपलं काम ज्यांना माहीत नाही त्यांना थोडं सांगायला हवं. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे जाऊन बसतं त्याला सगळे चेंबर म्हणतात, तुम्ही 'घर' म्हणायचात. काडतूस घरात गेलं की मागून बोल्ट दार लावतो. दार लागल्यावर काडतुसाला मागेपुढे हलायला जागा उरता कामा नये. उरली तर गोळी सुटताना पितळ मागे ताणलं जातं, फार उरली तर बुडाशी फाटतं आणि पेटलेला वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. त्या जागेला हेडस्पेस म्हणतात. इंचाच्या हजाराव्या भागाला आपण 'थाऊ' म्हणतो. अशा दोन-चार थाऊंवर माणसाचा चेहरा अवलंबून असतो.

सुधारित काडतूस हे त्यातलं नाजूक प्रकरण. जुन्या रायफलीचं घर रीमरने कोरून रुंद करायचं, घर मानेकडे निमुळतं होतं तो खांदा उभा करायचा, म्हणजे बारूद जास्त मावते आणि गोळी लांब जाते. पण त्या नव्या घरात पहिल्यांदा झाडायचं असतं ते जुनंच काडतूस. झाडताना ते फुगतं आणि नव्या घराचा आकार घेतं. तोवर ते फक्त मानेच्या मुळाशी, एका बारीक कडेवर टेकलेलं असतं. म्हणून नळी थोडी छाटून बोल्टच्या जवळ आणायची, इतकी की बोल्ट लावताना हाताला जरा जोर लागला पाहिजे. तपासायला पोलादी गेज असतो. 'गो' कोरलेला गेज घरात टाकून बोल्ट लागला, तर साध्या रायफलीचं काम झालं असं समजायचं. सुधारित घराला मात्र तोच गेज उलटा लावायचा. त्यावर बोल्ट लागता कामा नये. लागला तर घर सैल. तुम्ही मला हे कितीदा तरी सांगितलंत. "हय गो म्हणजे नो-गो. डोक्यात घाल."

माझ्या डोक्यात ते घातलेलं होतं, दाऊदभाई. मी विसरलो नव्हतो.

बू खालिदची रायफल होती ती. क्लबातला जुना मेंबर, लांबच्या टार्गेटचं वेड. सकाळी तो स्वतः बाकावर येऊन बसला होता. मी रीमर बाहेर काढून चुरा नीट न पुसता परत आत घातला आणि तुम्ही त्याच्यासमोर माझ्यावर ओरडलात. ओरडलात तेही हिंदीत, त्याला कळावं म्हणून. "ये देखो पूना का इंजिनीयर. कचरा अंदर घुसाता है." बू खालिद हसला. तुमचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त लागलं. दोन महिन्यांपूर्वी माझी बायको आणि तान्ही मुलगी फॅमिली व्हिसावर आली होती, मी स्वतःला मोठा कर्ता माणूस समजत होतो, आणि एका बाहेरच्या माणसासमोर माझी लाज गेली. दिवसभर तुमच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं.

नळीचा खांदा मी छाटला. नळी पिळून बसवली. तुम्ही दुपारच्या नमाजाला गेलात तेव्हा मी 'गो' गेज घरात टाकला आणि बोल्ट ढकलला. तो सरळ खाली आला. जोर लागला नाही, अडला नाही. मी तो परत उघडून ठेवला. घर सैल होतं. किती सैल ते मी मोजलंही नाही. परत नळी काढायची, परत छाटायची, म्हणजे संध्याकाळ झाली, आणि सकाळच्या बोलण्यानंतर हे तुम्हाला सांगायचं.

तुम्ही बाह्या खाली करत आत आलात. कॉम्प्रेसर चालू होता. मी वर न बघता एकच शब्द बोललो, "बसला."

माझ्या मराठीत त्याचा अर्थ एकच होता. गेज बसला. पुल्लिंगी. म्हणजे घर सैल, काम फसलं. तुमच्या मराठीत, मी 'बसलं' म्हणेन तिथे, माप बसला. म्हणजे काम झालं. ते ऐकून तुम्ही म्हणालात, "बसला? बरा."

तो 'बरा' मी ऐकला.

पुढची आठ वर्षं तुम्ही सगळा दोष त्या एका शब्दावर टाकलात. माझ्याजवळ एकट्याने बोलताना म्हणायचात, "तुझी चूक नाय, माझी नाय. भाषेची चूक." मी मान हलवायचो. हे ऐकायला इतकं बरं वाटायचं की पुढे पुढे मलाही ते खरं वाटू लागलं. पण तुम्ही गेज काढून, तेलाच्या फडक्याने पुसून, पेटीत ठेवलात तेव्हा मी तुमच्या हाताकडे बघत होतो. तुम्ही रायफल उचललीत तेव्हाही बघत होतो. तुमचा समज झालाय हे मला तेव्हाच कळलं. एक वाक्य पुरेसं होतं. मी ते बोललो नाही, कारण मी रुसलो होतो. मला वाटलं, एवढा हुशार माणूस, स्वतः एकदा बोल्ट लावून बघेलच, मग परत येईल आणि त्यालाच मला विचारावं लागेल. तुम्ही परत याल आणि मी वरमानेने सांगेन, मी तर बोललो होतो, असं सगळं मी मनात रचलं होतं.

तुम्ही पुन्हा तपासलं नाहीत. का नाही, हे मला हॉस्पिटलात कळलं. पट्टी बांधलेली होती, दुसऱ्या डोळ्याने छताकडे बघत तुम्ही म्हणालात, "सकाळी तुला मेंबरसमोर बोललो होतो. परत गेज लावला असता तर तुला वाटला असता, ह्याचा माझ्यावर भरोसाच नाय. काडतुसावर बोल्ट हलका लागला, तरी तू बसला बोललास तेच धरला." एरवी सोळा सोळा वेळा तपासणारे तुम्ही, त्या एका दिवशी माझं मन राखायला तपासलं नाहीत. नव्या घरातली पहिली गोळी ज्याने काम केलं त्याने झाडायची, हा नियम तुमचाच. म्हणून ती झाडायला बू खालिद गेला नाही, तुम्ही गेलात.

आवाज मी वर्कशॉपमधून ऐकला. नेहमीचा नव्हता. धावत गेलो तेव्हा तुम्ही बाकाला टेकून बसला होतात, चष्म्याची उजवी काच नव्हती, आणि तुम्ही मला विचारत होतात, "रायफल कशी हाय? बू खालिदची रायफल कशी हाय?" रायफलीला काहीही झालं नव्हतं. काडतूस बुडाशी फाटलं होतं आणि वायू मागे आला होता.

चौकशीला क्लबच्या मॅनेजरने दोघांना एकत्र बोलावलं. मला विचारलं, गेज कुणी लावला? मी म्हणालो, मी लावला आणि ह्यांना सांगितलं की बोल्ट बंद झाला. माझ्या मराठीपुरतं ते खरं होतं. मग त्याने तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं आता तुम्ही समजावून सांगाल, की साहेब, ह्याच्या भाषेत असं, माझ्या भाषेत तसं. तुम्ही काही क्षण माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "इसने बोला था. मेरे को कान से कम सुनाई देता है. मैंने छुपाया."

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय केलंत? तुम्ही म्हणालात, "भाषा-बिषा त्याला काय समजनार? दोघांना काढला असता. तुझा राह्यचा इकामा नवीन, पोरगी सहा महिन्यांची. एक जण गेला पुरे." तुम्हाला काढलं नाही, एवढीच मेहेरबानी. स्टोअरच्या खिडकीशी बसवलं. मेंबरांना टार्गेटचे कागद आणि कानावर लावायचे मफ द्यायचं काम. तुमच्या लेथवर मी उभा राहिलो. तुमच्या हाताची झीज त्या हँडलवर होती, तिथेच माझा हात जायचा.

एकदा बहिरे झालात म्हटल्यावर तुम्हाला बहिरं राहावं लागलं. घरीही. आपल्या लोकांत एका घरातली गोष्ट शुक्रवारपर्यंत दहा घरांत जाते, आणि क्लबच्या अकाउंट्समधली बाई भाभींच्या ओळखीतली. त्यामुळे तुम्ही बायकोसमोरही नाटक केलंत. शुक्रवारी जेवायला बसलो की भाभी ओरडायच्या, "अहो, भात! भात घ्या!" तुम्ही "काय?" म्हणायचात. त्या कपाळावर हात मारायच्या आणि मला सांगायच्या, "बघा सुधीरभाऊ, भिंतीशी बोलते मी." तुम्ही उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघून शांतपणे भात वाढून घ्यायचात. पहिल्या वर्षी आपण दोघं त्यावर गाडीत बसून हसलोसुद्धा. नंतर हसणं बंद झालं. भाभींचं ओरडणं हळूहळू चिडण्यात बदललं, आणि चिडण्याची त्यांना सवय लागली.

एकदा वफ्राच्या शेतांवर काकड्या-टोमॅटो आणायला गेलो होतो. माझी जुनी पिकअप, काच उघडी, वारा भणाणत होता. तुम्ही मधेच म्हणालात, "थांब. मागचा डावा बेअरिंग वाजतो." मी गाडी बाजूला घेतली. मला काहीही ऐकू येत नव्हतं. चाक हलवून बघितलं तर खरंच बेअरिंग गेलं होतं. तिथे रस्त्याच्या कडेला, हरितगृहांच्या प्लास्टिकच्या सावलीत आपण जॅक लावून बसलो होतो, आणि मी तुम्हाला सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. दाऊदभाई, त्या दिवशी तुमचा 'बरा' मी ऐकला होता, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही स्पॅनर मागितलात. मी दिला. मग पुढे काही बोललो नाही. तुम्हाला ते कळलेलं होतं का, हा विचार मी हजारदा केलाय. कळलं असतं तर तुम्ही मला कसं सहन केलं असतं? आणि कळलं नसेल तर तुम्ही एका भल्या माणसासाठी डोळा गेल्याचं दुःख गिळलंत, जो भला नव्हता.

तुम्ही गेलात त्या सकाळी तासाभरात ग्रुपवर मेसेज आला. झोपेतून उठलात, नमाजासाठी वजू केलात, खुर्चीत बसलात आणि संपलात. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, तोही लिहितो, कारण आता काय लपवायचं. पहिला विचार आला, सुटलो. दुसरा विचार येईपर्यंत मी जिन्यात खाली बसलो होतो.

इथवर मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं.

काल शुक्रवार. जेवणाच्या वेळेला तुमच्या घरी गेलो. पाहुणे नव्हते. भाभी एकट्याच होत्या, तुमची खुर्ची तिथेच होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. गेज, रुसवा, तुमचा 'बरा', चौकशी, सगळं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून खाली बघून एकदमच सांगून टाकलं. त्या मला शिव्या देतील, घरातून काढतील, अशी तयारी करून गेलो होतो. खरं सांगू, मला तेच हवं होतं.

भाभी रागावल्या नाहीत. पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना ऐकायला येत होता?"

"हो, भाभी."

"सगळा?"

"सगळं."

"हळू बोललेला पन?"

मी मान हलवली. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. आपला माणूस बेफिकीर नव्हता, हट्टी नव्हता, त्याने दुसऱ्याला वाचवलं, हे कळल्यावर त्यांचा जीव हलका होईल. इतका मी मूर्ख.

त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "माझी बहीण मुंब्र्याला असते. रोज रात्री तिचा फोन. ते समोर बसलेले असायचे. मी तिला काय काय बोलायचे, सुधीरभाऊ. ऐकायला येत नाय म्हनून बोलायचे. डोळा गेला त्याच दिवशी गेले असते तर सुटले असते, आन् मी पन सुटले असते, असा पन एकदा बोलले."

मी पाणी आणायला उठलो तर त्यांनी हाताने थांबवलं.

"तेव्हा ते मटार सोलत होते," त्या म्हणाल्या. "मान वर केली नाय. सगळे सोलून झाल्यावर भांडा माझ्या हातात दिला आन् बोलले, गोड हायत."

दाऊदभाई, मी तुमची क्षमा मागायला तिथे गेलो होतो. भाभींनाही ती मागायला लावून परत आलो.